अर्पणाआधी समेट : ख्रिस्ती सद्गुण घरात, बांधावर आणि पगाराच्या दिवशी

गोदाकाठ (धागा सुरू करणारे)

सर्वांना सलाम.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आपण पुष्कळदा वाचतो आणि तितक्याच घाईने पुढे जातो. अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण वाहावे. ज्यांना हे सांगितले ते बहुतेक गालीलातले लोक होते. वेदी यरुशलेमेत होती आणि तिथून गावी परतायचे म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट होती. इतकी वाट तुडवून आलेल्या माणसाला प्रभू सांगतो की कोकरू तिथेच सोड आणि परत जा. शिवाय इथे रुसवा भावाच्या मनात आहे. आपल्या मनात काही नसले, तरी जायचे आपणच.

ख्रिस्ती सद्गुणांची चर्चा इथून सुरू व्हावी असे मला वाटते. आपल्या मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) ती बहुधा गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळापासून सुरू होते. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन हे नऊ शब्द आपल्याला पाठ आहेत, पण ऐकता ऐकता ते स्वभावाचे वर्णन होऊन बसतात. हळू आवाजात बोलणारा तो सौम्य आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नसणारा तो शांतिप्रिय, असे आपण ठरवून टाकतो. पैसा, जमीन, मजुरी आणि दिलेला शब्द या चार ठिकाणी तोच माणूस कसा वागतो, याकडे मात्र पाहत नाही. शास्त्र तिथेच पाहते. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे याकोबाचे पत्र सांगते. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले.

आमच्या नगर जिल्ह्यात हा प्रश्न बांधावर उभा राहतो. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी जुनेच आहे.) सख्खे भाऊ दोन हात रुंदीच्या बांधासाठी वर्षानुवर्षे कोर्टात जातात आणि प्रभुभोजनाच्या रविवारी एकाच मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, दोन टोकांच्या बाकांवर बसून एकाच भाकरीचे वाटेकरी होतात. पाळकसाहेबांनी काय करावे, पंचांनी काय करावे आणि आपल्यासारख्या नातलगांनी काय करावे? कृपया वचनांच्या यादीपेक्षा प्रत्यक्ष पाहिलेले लिहावे.

वाडीवरून

गुरुजी, विषय चांगला काढलात. मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देताना, एक गोष्ट स्पष्ट शिकवली जाते : चोरलेले किंवा फसवून घेतलेले परत करण्याची तयारी नसेल, तर पश्चात्ताप पुरा झालेला नाही. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणायला सांगितली म्हणून देणे फिटत नाही. उपवासकाळात मांसाहार सोडणारे पुष्कळ असतात, पण त्या चाळीस दिवसांत जुने उसने फेडणारे किंवा भाडेकरूची अनामत परत करणारे थोडेच.

बाजाराचे सांगते. आमच्या घरातल्या बायका पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन मुंबईत विकायला जात. टोपली भरण्याची एक रीत सगळ्या बाजाराला ठाऊक असते : वर कोवळी, टवटवीत भेंडी लावायची आणि जून झालेली तळाशी सारायची. माझी आजी टोपली भरताना मधूनच हात तळापर्यंत घालून एक भेंडी वर काढायची आणि तिचे टोक मोडून पाहायची. मोडली नाही, तर सगळी टोपली ओतून पुन्हा निवडायची. गाडी चुकेल म्हणून घरातले कावायचे. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत जे लिहिले आहे ते तिला वाचता येत नव्हते, फक्त मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकून माहीत होते. तिच्या गिऱ्हाइकांनी तिला तीस-चाळीस वर्षे सोडले नाही हे खरे, पण त्याची वाट ती पाहत नव्हती, हेही तितकेच खरे.

धैर्याविषयी एक शब्द लिहिते, कारण वरच्या नऊ शब्दांत तो नाही आणि चर्चच्या जुन्या शिकवणीत मात्र शहाणपण, न्याय आणि संयम यांच्या बरोबरीने तो चार मूलभूत सद्गुणांत गणला जातो. जमिनी बळकावणे आणि गुंडगिरी यांनी वसईचा हिरवा पट्टा गिळायला सुरुवात केली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने यात पडावे का, असे त्यांच्याच माणसांनी विचारले होते. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण आमच्या मनात ते आहेत ते सभेला माणसे यायला घाबरत होती त्या दिवसांतले.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. माझे शिक्षण मिरजेत झाले. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले आणि मराठी ख्रिस्ती घराण्यांतल्या कितीतरी मुलींना या पेशाची वाट त्या गावाने दाखवली, म्हणून उल्लेख केला.

सहनशीलता मी ज्या ठिकाणी रोज पाहते ते ठिकाण म्हणजे पहाटे चारची वेळ. स्मृतिभ्रंश झालेले एक वृद्ध रुग्ण दर दहा मिनिटांनी विचारतात, "माझा मुलगा आला का?" पहिल्या पाच वेळा कोणीही गोड उत्तर देईल. विसाव्या वेळी आवाज तसाच ठेवणे हे स्वभावावर सोडून चालत नाही, त्यासाठी काहीतरी करावे लागते. आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर उत्तर देण्याआधी प्रत्येक वेळी पलंगाजवळ जात, चादर सारखी करत आणि मग बोलत. दारातून ओरडून उत्तर द्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. चालत जाण्याच्या त्या आठ-दहा पावलांत राग अर्धा उतरतो, असे त्या सांगत. मीही तो नियम उचलला आणि त्याचा उपयोग होतो. प्रार्थनेची जागा त्याने भरून निघते असे नाही. प्रार्थना करून वॉर्डात आलेल्या माणसालाही हातपायांची अशी काही सवय लागते, एवढेच म्हणायचे आहे.

उंबरठा

कौटुंबिक समुपदेशनाच्या कामात बरीच वर्षे गेल्यामुळे मला या धाग्यात एक इशारा द्यावासा वाटतो. समेट, क्षमा, सहनशीलता हे शब्द सर्वांत जास्त कोणाला ऐकवले जातात, ते पाहा. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात, "प्रभूने किती सोसले, तू थोडे सोस." सातांच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचे वचन तिच्यापुढे ठेवले जाते. मारणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच अध्यायातले आधीचे वचन मात्र कोणी वाचत नाही. अपराध करणाऱ्याला आधी एकान्तात, मग दोघांतिघांसमोर आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे जाब विचारावा, असे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सातांच्या सत्तर वेळा या वचनाच्या थोडेच आधी लिहिलेले आहे.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांनी पिडलेल्या बायकांना सोसण्याचे प्रवचन दिले नाही, त्यांच्यासाठी दार उघडले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका आणल्या आणि केडगावला त्यांची सोय केली. तिथे शेती, विणकाम आणि छापखाना चालत होता आणि अंध मुलींना ब्रेलमधून शिकवले जात होते. रमाबाईंची दया कष्टाच्या आणि स्वाभिमानाच्या बाजूने उभी होती. त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली रुग्णालयांत आणि छावण्यांत बायकांना जी वागणूक मिळत होती तिच्याविरुद्ध त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, मदतीचा पैसाही परदेशातून येत होता, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. सौम्यतेचा अर्थ लावताना या बाई आपल्या डोळ्यांसमोर असाव्यात, असे मला मनापासून वाटते.

म्हणून गुरुजींना विचारते : बांधाच्या भांडणातही दोघे भाऊ सारखेच बलवान असतात का? एखादा मुंबईला नोकरीला असतो आणि दुसऱ्याचे पोट त्या बांधावर असते. "दोघांनी मिटवून घ्या" असे म्हणताना आपण कोणाला गप्प बसवतो आहोत, हे आधी तपासायला हवे.

गोदाकाठ

उंबरठाताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. समेट म्हणजे दुबळ्याने माघार घेणे, अशी समजूत होण्याचा धोका माझ्या मांडणीत होता. येशूचे ते वाक्य ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला उद्देशून आहे, मार खाणाऱ्याला उद्देशून नाही, हे या निमित्ताने ठळकपणे नोंदवतो.

आमच्या भागात एक प्रकरण मिटलेले मी पाहिले आहे, त्याची रीत सांगतो. दोन्ही भावांनी स्वतंत्रपणे खासगी माणसाकडून माप घेतले होते आणि प्रत्येकाचे माप त्याच्याच बाजूने आले होते. पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा एकच अर्ज दोघांच्या सहीने द्यावा, फी निम्मी निम्मी भरावी आणि मोजणीच्या दिवशी दोघांच्या बायकाही शेतात हजर असाव्यात, एवढेच त्यांनी सुचवले. बायका हजर असाव्यात यामागे विचार होता. घरात रात्री जे बोलले जाते त्यातूनच भांडण तापत राहते आणि खुणा कुठे पडल्या हे दोन्ही घरांनी एकाच वेळी पाहिले, की सांगोवांगीला जागा उरत नाही. थोरल्याच्या ताब्यातली काही जागा धाकट्याकडे गेली. त्या पट्ट्यात थोरल्याने लावलेले लिंबाचे झाड होते. झाड तोडण्याचा त्याचा हक्क होता, असे काहींचे म्हणणे पडले. त्याने ते तोडले नाही. पुढे त्या घरांमध्ये येणेजाणे फार वाढले असे म्हणता येणार नाही, पण दावा काढून घेतला गेला आणि लग्नाचे आमंत्रण गेले.

इंद्रायणीकाठचा वाचक

मी ख्रिस्ती नाही, घर वारकरी आहे. हा धागा आदराने वाचतो आहे. खरा तराजू, रुग्णसेवा, भावाशी समेट, हे सगळे आमच्याही संतांनी सांगितले आहे. मग याला ख्रिस्ती सद्गुण म्हणताना त्यात वेगळे काय आहे? वाद घालण्यासाठी विचारत नाही.

उंबरठा

दादा, वेगळेपण सिद्ध करण्याची गरज मला तरी भासत नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः म्हणत की तुकारामांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले. पण प्रश्न सरळ आहे, म्हणून सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

ख्रिस्ती माणसाची समजूत अशी की त्याला आधी क्षमा मिळालेली आहे आणि ती त्याने कमावलेली नाही. त्यामुळे त्याचे चांगले वागणे हे देवाकडून काही मिळवण्याचे साधन होत नाही, ते मिळालेल्याचे फळ असते. यातून शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा येते आणि तिथे आमच्यातले बहुतेक जण अडखळतात.

एक उदाहरण देते. सिस्टर राणी मारिया या मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्याचे काम त्या करत होत्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारले गेले. मारणारा समुंदर सिंग याला जन्मठेप झाली. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. पुढे घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये चर्चने राणी मारियांना धन्य घोषित केले, जी संतपदाच्या आधीची पायरी आहे. इथे दोन गोष्टी पाहाव्यात असे मी सुचवेन. खटला चालला, शिक्षा झाली, म्हणजे न्यायाला बगल दिली गेली नाही. आणि क्षमा करण्याचा निर्णय ज्यांचे माणूस गेले त्यांनीच घेतला. बाहेरच्या कोणीही "आता विसरा" म्हणून तो त्यांच्यावर लादलेला नव्हता. मी वर जो इशारा दिला त्याच्याशी हे विसंगत नाही.

ऐझॉल मुक्कामी

बँकेच्या बदलीमुळे मी सध्या मिझोराममध्ये आहे. इथले दोन प्रकार सांगण्यासारखे आहेत.

ऐझॉलहून सेलिंगकडे जाणाऱ्या महामार्गावर डोंगरउतारावर शेती करणाऱ्यांची छोटी दुकाने आहेत, ज्यांत दुकानदार बसत नाही. बांबूच्या फळीवर भाज्या, फळे, कधी वाळवलेले मासे मांडलेले असतात, पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला असतो आणि शेजारी पैशांचा डबा असतो. हवे ते घ्यायचे, पैसे टाकायचे, सुटे हवे असतील तर त्याच डब्यातून घ्यायचे. मालक वर शेतात कामाला असतो, कारण दुकानात एक माणूस बसवणे त्याला परवडत नाही. म्हणजे हा विश्वास गरजेतून आलेला आहे आणि त्याने त्याचे मोल कमी होत नाही. दुसऱ्यासाठी झिजण्याला मिझो समाजात फार वरचे स्थान आहे आणि ती शिकवण मिशनरी १८९४ मध्ये इथे येण्याआधीपासूनची आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. चर्चने ती आपली मानली आणि जपली.

दुसरा प्रकार मूठभर तांदळाचा. स्वयंपाक करताना घरची बाई दर वेळी एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकते. चर्चच्या बायका तो घरोघरून गोळा करतात आणि विकून आलेला पैसा चर्चच्या कामाला जातो. हे १९१० पासून चालू आहे. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहतो त्या बाईंना विचारले, तर त्यांना यात सांगण्यासारखे काही वाटतच नव्हते. आपल्याकडे दशांशाविषयी जेव्हा बोलले जाते तेव्हा पगाराचा आकडा आणि त्याचा दहावा हिस्सा यांची चर्चा होते. इथे उदारता दिवसातून दोनदा हाताखालून जाते आणि गरिबातल्या गरीब घरालाही देणाऱ्यांच्या रांगेत जागा मिळते.

वाडीवरून

मूठभर तांदळाची रीत वाचून फार बरे वाटले. एक शंका मात्र विचारते. घरची बाई मूठ काढते, पण घरात पुरेसे आहे की नाही याची काळजीही तीच वाहते. रेव्हरंड टिळकांच्या उदारतेचे आपण कौतुक करतो, पण ते हातचे देऊन मोकळे होत आणि घर कसे चालवायचे ही चिंता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई, हे लक्ष्मीबाईंच्याच आठवणींत पानोपानी दिसते. दान एकाचे आणि ओढाताण दुसऱ्याची, अशी वाटणी ख्रिस्ती घरांत आजही दिसते. चर्चच्या सणाला मोठी वर्गणी जाहीर करणाऱ्याने ती आधी घरात विचारलेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

पंगत

आतापर्यंत कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. विषय कडू आहे, तरी टाळता येत नाही.

लक्ष्मीबाईंचा उल्लेख झालाच आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. बाप्तिस्म्याच्या आधी त्यांच्या मनात जो बदल झाला तो ताटातला होता : जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे एकदा मनाला पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. सोवळेओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या बाईसाठी ही केवढी मोठी उडी होती.

आणि आज? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या घराण्यांतून आला त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले होते. ते प्रभूच्या मेजापाशी आले ते तिथे सगळे सारखे आहेत, या शब्दावर विसंबून. तरीही लग्न जुळवताना पूर्वीची जात कोणती, आजोळ कोणते, आडनाव मूळचे काय, याची चौकशी होते. ती थेट केली जात नाही. "तुमच्याकडचे कोण कोण आमच्या ओळखीचे निघतात ते पाहू," असे म्हणून केली जाते. उपासनेत एका बाकावर बसणारे सोयरिकीच्या वेळी वेगळे होतात. प्रीती या शब्दावर आपण इतकी गाणी गातो, पण ती मुलामुलींच्या लग्नाच्या बैठकीत उतरत नसेल, तर आपल्या आजी-आजोबांना जे वचन दिले गेले ते मोडले जात आहे. माझ्या मते ही या धाग्यातली सर्वांत मोठी थकबाकी आहे.

रात्रपाळी

पंगतदादांशी पूर्ण सहमत. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी हीच चौकशी झाली. तेव्हा आईने समोरच्या पाहुण्यांना चहा देता देता शांतपणे सांगितले, "आमची जात विचारायची असेल तर सरळ विचारा, मी सांगते. आणि सांगितल्यावर तुम्हाला बसायचे असेल तर बसा." पाहुणे बसले. लग्न झाले. सौम्यता आणि स्पष्टपणा एकाच वाक्यात मावू शकतात, हे त्या दिवशी समजले.

गोदाकाठ

पंगतदादांनी लिहिलेले आमच्या पंचांच्या बैठकीत वाचून दाखवण्याची त्यांची परवानगी मागतो. नाव येणार नाही.

त्याच बैठकीसाठी मी आणखी एक विषय दिला आहे. मंदिराची झाडलोट करणारे आणि घंटा वाजवणारे गृहस्थ महिन्याकाठी जे मानधन घेतात ते बऱ्याच वर्षांत वाढलेले नाही आणि ते वर्गणी गोळा झाल्यावर, म्हणजे कधी दहा तारखेला तर कधी वीस तारखेला मिळते. याकोबाच्या पत्रातले मजुरीचे वचन आपण त्यांच्याच समोर वाचतो, त्यांनीच पुसून ठेवलेल्या बाकांवर बसून. मानधन किती वाढवावे यावर मतभेद होतील, ते होऊ देत, पण ते एक तारखेला द्यावे आणि वर्गणी उशिरा आली तर पंचांनी आपल्या खिशातून भरून मग वसूल करावे, एवढा ठराव मी मांडणार आहे. दुसऱ्या मंडळ्यांत किंवा कॅथलिकांच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) याची काय व्यवस्था आहे, ते कोणी सांगू शकेल का?

वाडीवरून

आमच्या धर्मग्रामात पगार ठरल्या तारखेला होतो आणि भविष्य निर्वाह निधीही कापला जातो. पण सुट्टीचा प्रश्न उरतो : नाताळ आणि ईस्टर हे दोन दिवस सगळ्यांचे सणाचे आणि सॅक्रिस्टनचे, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्याचे, सर्वांत जास्त कामाचे. गेल्या काही वर्षांपासून युवकांनी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतरची आवराआवर स्वतःकडे घेतली आहे. खुर्च्या उचलणे, मेणबत्त्या विझवणे, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याजवळचे दिवे बंद करणे आणि दारांना कुलपे लावणे ही कामे वाटून दिलेली असतात. सॅक्रिस्टनकाका मिस्सा संपताच घरी जातात. ठरावात हेही घालता आले तर पाहा, गुरुजी.